वायपरचं नवं रबर आणि मेढ्याचा पाऊस

सातारा-सांगलीकडे लोक धबधबे बघायला जातात, पेढे आणायला जातात, लग्नकार्याला जातात. आम्ही गेलो ते बारशाला. पण परत आल्यावर शेजारीपाजारी ‘काय काय पाहिलंत?’ असं विचारतात, तेव्हा मला आधी आठवतं ते गाडीच्या वायपरचं रबर. डोंगर, ऊस, डाळिंबाच्या बागा, माणसं, सगळं आम्ही त्या रबराच्या मागे बसूनच पाहिलं.

भांडण पुण्यातच लागलं होतं. जुलैतल्या एका संध्याकाळी पावसात मी चौकातला लाल दिवा ओलांडून गेलो. शेजारी सुलभा होती, म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, “डोळे तपासून घ्या.” मी म्हणालो, “वायपर तपासून घेतो.” रबर झिजलं होतं हे खरंच. एक हात फिरला की काचेवर पाण्याचे फराटे राहायचे आणि समोरचा रस्ता लोकरीच्या गुंत्यासारखा दिसायचा. ती म्हणाली, “मला तर दिवा दिसला.” मी म्हणालो, “तुझ्या बाजूचं रबर कमी झिजलंय.”

आता माझ्या डोळ्यांविषयी सांगायला हवं. मी उभी हयात जमीन मोजणीच्या खात्यात काढली. दुर्बिणीला डोळा लावायचा आणि सांगायचं, दगड इथे रोवा. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची डोकी फोडणारे भाऊ ‘सायबांनी बघितलंय ना, मग झालं’ म्हणून गप्प बसायचे. अशा माणसाला निवृत्तीनंतर बायकोने डोळ्यांवरून बोलावं, हे जिव्हारी लागलं. शिवाय यात तिचा डाव होता. सुलभाने अठ्ठावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन लायसन्स काढलं आहे. मंडईच्या पलीकडे मात्र मी तिला गाडी नेऊ दिली नव्हती.

शेवटी तह झाला. बापू नावाच्या माझ्या स्नेह्याच्या नातवाच्या बारशाला आटपाडीकडे जायचंच होतं, आणि श्रावणात कराडच्या आसपास पाऊस गाठ घेणार हे नक्की होतं. या प्रवासात दोष काचेचा निघाला तर स्टिअरिंग माझं आणि डोळ्यांचा विषय कायमचा बंद. दोष डोळ्यांचा निघाला तर किल्ली तिची. मी दोन्ही बाजूंचं नवं रबर आणलं. मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणे अख्खी पातीच बदला. पाती धडधाकट, फक्त रबर गेलेलं. चपलेचा अंगठा तुटला म्हणून कोणी पाय बदलत नाही. मी रबर स्वतः बसवायचं ठरवलं. मोबाईलवर एक मुलगा चहा निवायच्या आत ते बदलून दाखवतो.

निघण्यापूर्वीच बसवणार होतो. पण पाऊस असला की बाहेर उभं राहून रबर बदलता येत नाही, आणि ऊन पडलं की रबराची आठवण राहत नाही. तेव्हा नवं रबर डिकीत आणि जुनं काचेवर, अशा थाटात आम्ही निघालो.

बापूंची वस्ती

कराडच्या अलीकडे भुरभुर सुरू झाली आणि वायपर कुईं करून रडू लागला. सुलभा सारखी बोट दाखवून म्हणत होती, तो ट्रॅक्टर दिसतोय ना, ती म्हैस दिसतेय ना. मला सगळं दिसत होतं, फक्त तिच्यानंतर दिसत होतं. विटा मागे पडलं तसा पाऊस मागे फिरला. पुढे माळ, बाभळी, दगडांचे बांध आणि त्यांच्यामध्ये हिरव्यागार डाळिंबाच्या बागा. कोरड्या काचेतून मी अगदी ऐटीत गाडी नेली.

बापूंची आणि माझी ओळख जुनी. त्यांच्या घरात मेंढरं वाडवडिलांपासूनची. वर्षातले सहा-आठ महिने कळप घेऊन फिरायचं आणि पावसाळ्यात वस्तीवर परतायचं. बापूंनी मेंढरं थोडी कमी करून शेती धरली तेव्हा त्या माळाची मोजणी माझ्याकडे आली होती. मी दुर्बिणीशी आणि बापू पार तिकडे झेंडा धरून. मी हात हलवला की ते झेंडा हलवायचे. दोघांना एकमेकांचा आवाजही ऐकू येत नव्हता, तरी दिवसभर आमचं बरं चाललं होतं. ओळखी अशाच होतात.

गाडी थांबली आणि बापू पुढे आले. पण ते माझ्याकडे न येता आधी गाडीकडे गेले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, “लय तापलीया. आदी हिला सावलीत घ्या.”

ही तिकडची रीत आहे. पूर्वी पाहुणा बैलगाडीने यायचा, तेव्हा यजमान आधी बैल सोडायचा, त्यांना पाणी दाखवायचा, वैरण टाकायचा आणि मग पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणायचा. बैल गेले, पण रीत राहिली. आमच्या सोसायटीत पाहुणा आला की पहिला प्रश्न असतो, ‘गाडी आत नाही ना लावली?’ इथे लिंबाखालची दोन मेंढरं हलवून आमच्या गाडीला जागा केली. प्यायचं पाणी लांबून आणणाऱ्या त्या घरातून दोन बादल्या पाणी गाडीवर गेलं. मी नको नको म्हणालो, तर बापू म्हणाले, “पावन्याचं जनावर तसंच ठिवाय बरं दिसतं व्हय?”

बारसं झोकात झालं. पाळण्यापाशी बायकांची गर्दी, हातोहात घुगऱ्या. जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि लसणीची चटणी. माडगं मला फार आवडलं. सुलभाने कृती विचारून घेतली, पण पुण्यात ते तसं होणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. जेवताना बापूंनी चारचौघांत माझी ओळख करून दिली.

“हे सायब. कोसावरनं मुंगीचा पाय मोडलेला दिसतो ह्यास्नी.”

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. सुलभाला ठसका लागला. मी तिला पाण्याचा तांब्या द्यायला गेलो, तो तांब्या नव्हता, तेलाची किटली होती. पण तिथे उजेड कमी होता.

दुसऱ्या दिवशी निघताना गाडीच्या नाकावर झेंडूची माळ होती, काच आरशासारखी झळकत होती. बापूंनी सुलभाला साडी आणि मला घरच्या लोकरीचं घोंगडं दिलं. म्हणाले, “गाडीची समदी सेवा केलीया. बिनघोर जावा.” कोणाच्या घरी आपल्या गाडीचाही असा पाहुणचार होतो, हे आम्ही दोघं विट्यापर्यंत एकमेकांना सांगत होतो.

इस्लामपूरला जाताना

परतताना एक मुक्काम इस्लामपूरला सुलभाच्या बहिणीकडे होता. विटा सोडून पश्चिमेला वळलं की काही वेळाने मुलूख बदलतो. माळ संपतो आणि दोन्ही बाजूंना ऊस उभा राहतो. त्या दिवशी ऊस आणि पाऊस बरोबरच आले. मी वायपर चालू केला.

एका फटकाऱ्यात काच पांढरी झाली. नुसती धूसर नाही, तर दुधावर साय धरावी तशी. दुसरा फटकारा मारला तर साय दाट झाली. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या सायीत विरघळले. मी गाडी कशीबशी डाव्या बाजूला घेऊन थांबवली आणि सुलभाकडे वळलो.

“तुला काही दिसतंय?”

“काही नाही हो.”

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही.”

त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो निवृत्तीच्या सत्कारालाही झाला नव्हता. “मग चल,” मी म्हणालो, “आधी तुझे डोळे तपासून घेऊ.”

काचेवर बोट फिरवलं तर बोट बुळबुळीत. हुंगलं तर ओळखीचा वास. मी बापूंना फोन लावला.

“बापू, वायपरला काही लावलंत का हो?”

“त्याल लावलं की,” बापू म्हणाले. “त्ये रबार पार वाळून गेल्यालं, सायब. चिरा पडल्याल्या. आमी चामड्याला लावतो तसं रात्री लावलं आन मुरू दिलं. घरच्या करडीचं हाय, भेसळ न्हाई.”

“आणि काचेला?”

“काचंला उरल्यालं लावलं. कशी चकाकती का न्हाई?”

आता या माणसाला काय सांगायचं. त्यांच्या भागात वायपर वर्षातून दोनदा चालतो, तोही धूळ झाडायला. त्यांच्या हिशेबी वाळलेल्या वस्तूला तेल लागतं, मग ती वहाण असो की रबर. मी म्हणालो, “फार चकाकते, बापू,” आणि फोन ठेवला.

जवळच चहाची टपरी होती. आम्ही भिजत तिथे पोहोचलो. चहावाला, एक टेंपोचा चालक आणि ऊन-पाऊस काहीही असलं तरी टपरीवर बसणारे एक म्हातारबा, असे तिघे आमच्या काचेभोवती जमले. पुण्यात गाडी बंद पडली तर लोक हॉर्न वाजवतात. इथे लोक औषध सांगतात.

“कांदा चोळा,” चहावाला म्हणाला आणि अर्धा कांदा घेऊनच आला.

“कांद्यानं काय हुतंय, गड्या. तंबाकू चोळाय पायजे,” टेंपोवाला म्हणाला. “आमी घाटात तेच करतो. पानी ठरत न्हाई काचंवर.”

म्हातारबांनी बंडीतून चंची काढली, हातावर तंबाखू घेतली आणि न विचारता काचेला लावायला सुरुवात केली. मग टेंपोवाल्यानेही आपली पुडी काढली. त्या भागात कोणी तंबाखू काढली की दुसऱ्याने हात आखडता घेणं शोभत नाही. कांदा, करडईचं तेल आणि दोन जातींची तंबाखू यांचा मिळून काचेवर असा काही लेप बसला की सुलभा म्हणाली, आता वरून फोडणी तेवढी राहिली. शेवटी भांडी घासायची पावडर आणि चहाच्या पिंपातलं गरम पाणी यांनी काच स्वच्छ निघाली. रबराचा मात्र तेलकटपणा काही गेला नाही. पाऊस थांबला, त्या उघडीपीत आम्ही इस्लामपूर गाठलं.

गावात शिरताना सुलभा म्हणाली, “मी म्हणाले होते ना तुमचे डोळे. ते मागे घेते. वायपरनेच घोटाळा होतो खरा.” मी मोठ्या मनाने म्हणालो, चालायचंच.

आबांच्या अंगणात

इस्लामपुरात सुलभाची थोरली बहीण शैलाताई राहते. तिचे यजमान आबा, माझे साडू, सैन्यातून सुभेदार होऊन परतले आणि आता ऊस पिकवतात. हकीकत ऐकून त्यांनी लगेच फोन हातात घेतला.

“पावनं, माजा मेस्त्री हाय. हाक मारली की येतोय.”

“मेस्त्री नको,” मी म्हणालो. “मी स्वतः बसवणार आहे.”

“तुमी?” आबा म्हणाले. साडू या नात्यात हा प्रश्न जितका लांबवता येतो तितका त्यांनी लांबवला. मग अंगणात खुर्ची टाकून, पायावर पाय घेऊन, संचलन बघायला बसावं तसे बसले.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वायपरचा हात काचेवरून उभा करायचा. खटका दाबून पाती त्या हातातून काढायची. पातीला खाली छोटे लोखंडी पंजे असतात आणि त्यांच्यात रबर ओवलेलं असतं. एका टोकाला रबर पंजात अडकवलेलं असतं, ते सोडवून सगळं रबर सुरवारीच्या नाडीसारखं ओढून काढायचं. रबराच्या दोन्ही कुशीत पोलादाच्या दोन बारीक पट्ट्या असतात. त्या नव्या रबरात घालायच्या आणि नाडी परत ओवायची. बस्स. मोबाईलवरचा मुलगा हे सगळं हसत हसत करतो.

पाती काढली आणि नुसता लोखंडी हात उभा राहिला. मी दुसरीकडे वळलो तोच माझा कोपर लागून तो हात स्प्रिंगच्या जोराने काचेवर आदळला. धप्प आवाज आला. शैलाताई दारातच मटकन बसली. पण काच फुटली नाही, कारण सुलभाने बापूंचं घोंगडं घडी करून आधीच काचेवर टाकून ठेवलं होतं. आपल्याला न विचारता ती असं का करते, हे मी मघापासून विचारणार होतो, ते राहून गेलं.

“आहिस्ता, आहिस्ता,” आबा खुर्चीतून म्हणाले. सैन्यातली हिंदी ते अजून अडचणीच्या वेळी वापरतात.

जुनं रबर तेलाने इतकं माजलं होतं की हातात ठरेना. मी पाय रोवून ओढलं. ते एकदम सुटलं, मी दोन पावलं मागे गेलो आणि पोलादी पट्ट्यांतली एक टण्णकन उडाली. मग सगळे शोधायला लागले. मी गुडघ्यांवर बसून जास्वंदीखालचं गवत चाचपत होतो. शैलाताई दारातूनच म्हणाली, “ती काय, तुमच्या पायापाशी पडलीया.”

पट्टी खरंच पायापाशी होती, उघड्या फरशीवर. मी म्हणालो, चकाकत होती म्हणून दिसली नाही. सुलभाने फक्त माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

पट्ट्या घातल्या, रबर ओवलं, उरलेलं टोक शैलाताईच्या कात्रीने कापलं, पाती चढवली. आबांनी झाडांना पाणी घालायचा पाइप काचेवर धरला. वायपर फिरला आणि काचेच्या मधोमध पाण्याची कमान तशीच राहिली. रबर दोन्ही टोकांना टेकत होतं, मध्ये तरंगत होतं. पट्ट्यांना किंचित बाक असतो आणि मी तो उलटा घातला होता.

“मेस्त्री बोलवू का?” आबांनी फार गोड आवाजात विचारलं.

मी पुन्हा सगळं उचकटलं. या वेळी घाई केली नाही. आयुष्यभर मोजणी केलेल्या माणसाचा एक गुण असतो, चुकली तर तो पुन्हा पहिल्या दगडापासून सुरू करतो. बाक सुलट केला, एकेका पंजातून रबर अलगद सरकवलं, शेवटच्या पंजात खाच बसली तेव्हा टक्क असा बारीक आवाज आला. तो आवाज ऐकून मला जे वाटलं ते मी आबांना सांगितलं नाही.

दुसरी पातीही तशीच केली. पाइप पुन्हा सुरू झाला. वायपर गेला आणि आला. आवाज नाही, फराटा नाही. काच जणू काढूनच टाकली होती. आबा खुर्चीतून उठले. “मानलं पावनं,” ते म्हणाले आणि त्यांनी मला चक्क सलाम ठोकला.

पण सुभेदार तो सुभेदारच. त्यांनी मला गाडीत बसवलं, काचेवर पाणी चालू ठेवलं आणि म्हणाले, “आता समोरल्या घरावरचं नाव वाचा, म्हंजे विषय मिटला.”

समोर घर होतं. घरावर पाटी होती. पाटीवर अक्षरं असावीत. वायपर अगदी बिनचूक फिरत होता. मी विचार केला, नवं घर, गुलाबी रंग, साखर कारखान्याचं गाव, म्हणजे आईवर श्रद्धा असलेला मुलगा.

“मातोश्री,” मी म्हणालो.

“बरुबर,” आबा म्हणाले.

सुलभाने सगळ्यांदेखत हात जोडले. “गाडी तुमची,” ती म्हणाली. शैलाताईने गरम गरम पुरणपोळ्या वाढल्या. मी तीन खाल्ल्या. तिसरी नीट उतरली नाही, पण ती मी तुपावर ढकलली.

मेढ्याच्या वाटेवर

परतीच्या दिवशी आभाळ असं निरभ्र की अंगाला फोड यावेत. इस्लामपूर सुटलं, कराड गेलं, सातारा आला, एक थेंब नाही. एवढं देखणं रबर बसवलेलं आणि ते बाहेर नुसतं ऊन खात पडलेलं. मी मधूनमधून फवारा मारून काच पुसत होतो. मागचा मोटारसायकलवाला भिजला आणि त्याने पुढे येऊन मला काहीतरी सुनावलं.

साताऱ्यात मी एकदम गाडी मेढ्याकडे वळवली.

“इकडे कुठे?” सुलभाने विचारलं.

“पाऊस बघायला.”

“दोन दिवस पावसाला शिव्या घातल्यात आणि आता त्याला शोधायला जायचं?”

तिला कळलं होतं मी का चाललोय. मलाही कळलं होतं. आदल्या दिवशीच्या त्या पाटीने मला नीट झोपू दिलं नव्हतं. मला खऱ्या पावसात, खऱ्या रस्त्यावर, स्वतःला एकदा दाखवायचं होतं की दोष रबराचाच होता.

मेढ्यात पोहोचलो तर तिथेही उघडीप. एका खानावळीत नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी आणि वाफाळता भात जेवलो. मालकिणीला विचारलं, पाऊस कुठे गेला? ती म्हणाली, “सकाळधरनं हुता की. जेवाय गेला असंल. यील माघारी.”

ती बोलली तसंच झालं. गावाबाहेर पडून डोंगरातल्या रस्त्याला लागलो आणि पाऊस आला. या जावळी खोऱ्यातला पाऊस आमच्या पुण्यासारखा पडत नाही, तो डोंगरासकट अंगावर येतो. दोन्हीकडे भाताची खाचरं, त्यांच्यावरून धावणारं धुकं, कड्यांवरून सुटलेल्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा. मी वायपर लावला. नवं रबर एका सुरात चालू लागलं. काचेवर थेंब पडायचा अवकाश, पुढच्या क्षणी तो नसायचा.

“काय सुंदर दिसतंय हो,” सुलभा म्हणाली. ती खरोखर खूश होती. “ते बघा, पलीकडच्या डोंगरावरचं देऊळ. अगदी कळससुद्धा दिसतोय.”

मी बघितलं. हिरवं होतं, वर पांढरं होतं. “हो, छान आहे,” मी म्हणालो.

“अहो, बाई. बाई, बाई, थांबा.”

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थोडी घसरली आणि थांबली. बॉनेटच्या पुढे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, एक बाई उभी होती. डोक्यावर पोत्याची खोळ, पायांत चिखल. तिच्या डोक्यावरचा गवताचा भारा दचकून खाली पडला होता आणि अर्धा आमच्या बॉनेटवर पसरला होता. ती रस्ता ओलांडत होती. सरळ, निवांत, रस्त्याच्या मधून. ती मला दिसली ती गाडी थांबल्यावर.

मी काच खाली केली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खिडकीशी आली, वाकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “घाबरला व्हय? आसू द्या. लागलं न्हाई मला.”

“मावशी, तुम्ही गाडी बघून थांबायचं ना,” मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण फार बारीक.

“थांबनारच हुते,” ती म्हणाली. “पर तुमची काच कशी लख्ख हाय. तितनं मला तुमचं त्वांड दिसत हुतं. तुमी माज्याकडंच बगत हुता. म्हनलं, मानसानं बगितलंय, थांबल त्ये.”

पाऊस पडत होता. वायपर चालूच होता.

मी तिच्याकडेच बघत होतो, हे खरं होतं. मला तिथे ओला रस्ता दिसत होता.

मी खाली उतरलो. सगळं गवत गोळा केलं, तिने दोर आवळला आणि मी भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. तो फार जड होता. तिने मान सावरली, “जपून जावा,” म्हणाली आणि बांधावरून उतरून गेली. चार पावलांवर ती मला दिसेनाशी झाली. सुलभाला बहुतेक बराच वेळ दिसत असावी, कारण ती कितीतरी वेळ तिकडे बघत होती.

लग्नाला इतकी वर्षं झाली, बोलायची अशी संधी तिला कधी मिळाली नव्हती, आणि ती बोलली नाही. मला लाज वाटली, आणि भीती वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मी गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला गेलो आणि दार उघडलं.

“पलीकडे सरक,” मी म्हणालो. “मला दिसत नाही.”

ती सरकली. सीट पुढे घेतली, आरसा वाकवला, पट्टा दोनदा तपासला. गाडी पहिल्यांदा आचका देऊन बंद पडली. एरवी मी क्लचवर व्याख्यान दिलं असतं. दुसऱ्यांदा गाडी निघाली. सुलभा छाती स्टिअरिंगला टेकवून, हळूहळू, मोठ्या वळणावर लांबूनच हॉर्न वाजवत चालली होती. तिने एका म्हशीसाठीसुद्धा गाडी थांबवली.

“कसं दिसतंय?” मी विचारलं.

“एकदम स्वच्छ,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, “रबर छान बसवलंत.”

मी हो म्हणालो आणि साताऱ्यापर्यंत माझ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिलो. त्या काचेला वायपर नसतो.